मिस्त्री खोकला की थापी घमेल्यात

ट्रेनिंगच्या मॅडमनी हजेरीचा कागद आणि शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. "मावशी, इथं अंगठा." लिहिता येतं का, विचारलंसुद्धा नाही. मी दहावी झालेली. वाशिमकडच्या गावात अख्ख्या आळीची पत्रं वाचून दाखवायचे. आणि तरी मी मुकाट अंगठा दिला. त्याची लाज अजून जात नाही.

खराडीत आयटीवाल्यांचा टॉवर बांधत होतो. जागा घेणार होती परदेशी कंपनी, तिची अट म्हणून बिल्डरनं आम्हाला समानतेचं ट्रेनिंग ठेवलं. सेल्स ऑफिसात, एसीत. इंजिनियर लोक खुर्च्यांवर. आम्ही बायका खाली, ताडपत्रीवर. "खुर्च्यांना सिमेंट लागतं," साइट इंजिनियर म्हणाला. पोरगेला साहेब, मावशी म्हणून अगं-तुगं करायचा. मॅडम सांगत होत्या, बाई कुठलंही काम करू शकते. मला आतून हसू येत होतं. कुणाला सांगताय?

मग फोटो. साहेबानं मिस्त्रीची थापी माझ्या हातात दिली. स्वतःचं पांढरं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं. म्हणाला, "गिलावा करतेस असं दाखव. थोडी ॲक्टिंग कर."

ॲक्टिंग. आठ वर्षं, याच मिस्त्रीबरोबर साइटमागून साइट, मी गिलावा करत होते. बाथरूम, किचन, आतले सगळे कोपरे माझे. मिस्त्री तंबाखू मळत दारात बसायचा. साहेब येताना दिसला की खोकायचा. खोकला ऐकला की मी थापी घमेल्यात टाकायचे आणि घमेलं डोक्यावर घ्यायचे. साइटवर बाई म्हणजे बिगारी. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढं तेच. भिंत माझी, नाव मिस्त्रीचं.

फोटो झाला. साहेबानं हेल्मेट काढून घेतलं, आतून रुमालानं पुसलं, दोनदा पुसलं, मग डोक्यावर घातलं. मॅडमनी ते बघितलं आणि फोनमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचा कोपरा काढत होते. मिस्त्री खोकला. मी थापी टाकली नाही. तो पुन्हा खोकला, मग घसा फाटेस्तोवर खोकला. साहेब दारात.

"हे काय? थापी तुझ्या हातात कशी?"

"ॲक्टिंग करतेय, साहेब."

मी ओळंबा त्याच्या हातात दिला. म्हटलं, लावून बघा. त्यानं लावला. वरपासून खालपर्यंत भिंत दोरीपासून कुठं केसभरही हटली नाही.

"मग वहीत गवंडी लिहा," मी म्हणाले.

"बायका गवंडी नसतात. काम करायचं असेल तर घमेलं उचल."

मिस्त्री जमिनीकडं बघत होता. आठ वर्षांत त्याच्या नावावरच्या किती भिंतींना मी गिलावा केला होता. मी थापी धुतली, त्याच्यापुढं ठेवली. "उरलेला कोपरा तुम्ही काढा," म्हणाले आणि जिना उतरले.

थापी घेतलेला माझा तो फोटो टॉवरच्या गेटवर लावलाय म्हणे, हा एवढा मोठा. मी त्या गेटनं जात नाही.

आता विश्रांतवाडीच्या मजूर नाक्यावर उभी राहते. मुकादम विचारतात, काय काम करतेस? गवंडी, म्हणते. हसतात. बिगारी हवीय, म्हणतात. तीन जणांनी परत पाठवलं. चूल थंड राहते कधीकधी, खोटं कशाला सांगू. चौथा येईल, त्यालाही गवंडीच सांगणार. वहीत ते माझ्या हातानं लिहिणार, आणि सही करणार. तोवर घमेल्याला हात लावणार नाही.