पारशिवनीची टेकडी आणि प्रेक्षक गॅलरीतले ‘नाही’

हिवाळ्यात नागपूर परिसरात येणारे पर्यटक स्थूलमानाने दोन वर्गांत मोडतात: पेंचला वाघ पाहणारे आणि विधानभवनात मंत्री पाहणारे. दोन्ही वर्गांस पहाटे उठावे लागते, दोहोंस ओळखपत्र बाळगावे लागते आणि दर्शनाची हमी दोन्हीकडे कोणीच देत नाही. नागपूरच्या मनीषनगरात इतकी वर्षे वास्तव्य करून आणि हा प्रवासाचा ब्लॉग चालवूनही यांपैकी एकाही दर्शनाचा योग माझ्या पत्रिकेत नव्हता. वाघाला माझी गरज नाही आणि मंत्रिमहोदयांना ती केवळ निवडणुकीच्या सुमारास भासते, हे जाणून मी दोघांनाही त्रास दिला नव्हता.

यंदा विधानभवनात जाण्याचा निर्णय माझा नव्हेच. माझ्या पत्नीच्या, अर्चनाच्या, चंद्रकलामावशी पारशिवनी तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहतात. यजमान गेल्यापासून बकऱ्या आणि थोडी धानाची शेती यांवर त्यांचे चालते. गावामागे सरकारी टेकडी आहे. बकऱ्या तिच्यावर चरतात, आणि तिच्या उतारावरचे पावसाळी पाणी पायथ्याच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, उतरून पुढे मावशींच्या धानाला मिळते. या टेकडीची गिट्टी, म्हणजे बांधकामाची खडी, करावी, अशी एका कंत्राटदाराची महत्त्वाकांक्षा होती. खदानीस ग्रामसभेची संमती आवश्यक होती. ग्रामसभेने मागच्या उन्हाळ्यात हात वर करून ती नाकारली आणि विषय संपला. निदान गावाला तसे वाटले.

मग बातमी आली की सरकारी जमिनींवरील खदानींचे नियम सुधारणारे विधेयक हिवाळी अधिवेशनात येत आहे. सुधारणा अत्यंत मितभाषी होती. जेथे ‘ग्रामसभेची संमती’ असे होते, तेथे ‘ग्रामसभेस माहिती’ असे येणार होते. मावशींनी गावातल्या एका कार्यकर्त्याच्या मागे लागून आमदारांच्या शिफारशीने दोन प्रवेशपत्रिका मिळवल्या आणि मला फोन केला. “जवाईबापू, माह्या टेकडीचं बोलून राहिले तिथं. मंग मी पायजे न.”

या युक्तिवादाचे खंडन करण्यास मी असमर्थ ठरलो.

आदल्या दिवशी सकाळी मावशींना आणण्यासाठी निघालो. मनीषनगरातून कामठीमार्गे कन्हान नदी ओलांडावी आणि मग पारशिवनीकडे वळावे. रस्ता एकंदरीत उत्तम आहे. जेथे नाही, तेथे तो गिट्टीच्या टिप्परांनी स्वतःच्याच उद्धारार्थ उखडला आहे. टिप्परच्या मागे गाडी ठेवू नये. ताडपत्री हा त्या वाहनाचा ऐच्छिक अलंकार असल्यामुळे आपल्या काचेवर खडीवृष्टी होते. कामठी रोडवर तर्रीपोहे खाऊन घ्यावेत, कारण पुढे थेट पारशिवनीपर्यंत बरा चहादेखील दुर्मीळ. तर्री मागताना ‘थोडी’ म्हणू नये. विक्रेत्याचा अवमान होतो आणि तर्री तेवढीच मिळते.

मावशी मला प्रथम टेकडीवरच घेऊन गेल्या. वाचकांनी उत्तुंगतेची अपेक्षा ठेवू नये. भूगोलाच्या पुस्तकाने हिची दखल घेतलेली नाही आणि घेण्याचे कारणही नाही. पळस, बोरी, तेंदू, मध्येच एखादे मोहाचे झाड आणि कमरेएवढे वाळलेले गवत. मी किंचित भारावून या शैलाचे नामाभिधान विचारले.

“नाव कायले पायजे? टेकडीच म्हनतो.” मावशी म्हणाल्या. “एकच तं हाय.”

माथ्यावरून त्यांनी शेजारच्या गावाची टेकडी दाखवली. म्हणजे ती जेथे होती ती जागा. आता तेथे हिरवट पाण्याने भरलेला एक विशाल चौकोनी खड्डा आहे. सुरुंगांमुळे त्या गावातल्या विहिरी आटल्या, बोडी गाळाने भरली, आणि ज्यांच्याकडे जनावरे होती त्यांनी ती बाजारात नेली, असे मावशींनी सांगितले. त्या सगळे अशा स्वरात सांगत होत्या की जणू शेजारणीच्या सुनेची हकीकत. मग त्यांनी स्वतःच्या बोडीकडे मान वळवली. तिच्यात अजून पाणी होते आणि कोणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या.

मुक्काम मावशींकडेच. गावात निवासव्यवस्था नाही, पण ज्याची मावशी तेथे आहे त्यास तिची उणीव भासत नाही. ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी आणि ज्वारीची भाकर. या पदार्थाचे वर्णन करण्याइतके माझे संस्कृत अद्याप परिपक्व नाही.

दुसऱ्या दिवशी धुके असतानाच परत नागपूर. अधिवेशनकाळात विधानभवनाजवळच्या सदर भागात गाडी उभी करण्यास जागा मिळणे हे पुण्यसंचयाचे काम आहे. लांब लावावी आणि चालत जावे. लॉजवाल्यांचे दर या दिवसांत मंत्रिपदासारखे होतात, सामान्य माणसाने विचारूही नये. विधानभवनाच्या दाराशी मोबाईल जमा करावा लागतो. मावशींच्या पिशवीतल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा सुरक्षारक्षकांनी आक्षेपार्ह ठरवून ठेवून घेतल्या.

प्रेक्षक गॅलरीत बसण्याचे शास्त्र सूक्ष्म आहे. पायावर पाय टाकू नये, टाळी वाजवू नये, बोलू नये, पेंगू नये. यातला शेवटचा नियम खाली सभागृहात लागू नसल्याचे वरून स्पष्ट दिसते.

कामकाज सुरू झाले आणि थांबले. कोणा सन्माननीय सदस्याने दुसऱ्या सन्माननीय सदस्याविषयी बाहेर काढलेल्या उद्गारांवरून विरोधक हौद्यात उतरले होते. तहकुबी, घोषणा, पुन्हा तहकुबी. मावशी दर थोड्या वेळाने मला कोपराने ढोसून टेकडीचे कव्हा येते, ते विचारत. मी अधिकारवाणीने ‘येईल’ म्हणत असे. अखेर विरोधी पक्षांनी त्या उद्गारांच्या निषेधार्थ सभात्याग केला आणि अर्धे सभागृह रिकामे झाले. त्या रिकाम्या बाकांसमोर टेकडी आली.

एका सदस्याने विधेयकाचे स्वागत करून आपल्या मतदारसंघातील उड्डाणपुलाची मागणी केली. दुसऱ्याने विधेयकाचे स्वागत करून पहिल्याचे अभिनंदन केले. मंत्र्यांनी उत्तरात ‘गती’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की मला किंचित घेरी आली. बोडीचा, बकऱ्यांचा, विहिरींचा उल्लेख कोणाच्याही भाषणात आला नाही. आणणारा कोणी असेल तर तो त्या वेळी बाहेर पायऱ्यांवर बसून त्या उद्गारांचा निषेध करीत होता.

मग पीठासीन अध्यक्षांनी खालच्या पट्टीत, सवयीने, विधेयक मतास टाकले. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे. खालून एक ‘होय’ आले, कागदांवरची मान वर न करता दिलेले. प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे.

शांतता.

मावशींनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. गावात देवळाच्या ओट्यावर ग्रामसभा बसते तेव्हा जसे करतात तसे पदर सावरून उभ्या राहिल्या, उजवा हात वर केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “नाही.”

“होयचे बहुमत आहे. विधेयक संमत झाले,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही. पुढचा विषय पुकारला गेला.

महिला सुरक्षारक्षक लगबगीने आली. तिने मावशींचा दंड धरला, पण अदबीने. “चाला मावशी. इथं बोलाचं नसते.”

“विचारलं न त्याईनं?”

“तुमाले नाही विचारलं.”

“मंग कोनाले विचारलं?” मावशी म्हणाल्या. “तिकडं तं कोनीच नव्हतं बसून.”

रक्षिकेने त्यांना दाराकडे वळवले. मी त्या सबंध काळात पायावर पाय न टाकता, टाळी न वाजवता, न बोलता आणि न पेंगता बसलो होतो. गॅलरीतला माझ्याहून आदर्श प्रेक्षक दाखवून द्यावा.

एका खोलीत आम्हाला बसवून ठेवले, नावे विचारली, समज दिली आणि वृद्धत्वाचा मान राखून सोडून दिले. शेंगांची पिशवी परत मिळाली. तीत शेंगा कमी झाल्या होत्या, हे लोकशाहीत त्या दिवशी आमच्या वतीने झालेले एकमेव आदानप्रदान.

सदरच्या टपरीवर चहा घेतला. तो बरा असतो, आले भरपूर घालतात. मावशींनी बशीत ओतला आणि विचारले, “माह्यं ‘नाही’ लिहलं का त्याईनं?”

मी त्यांना वस्तुस्थिती सांगितली. गॅलरीतला आवाज हा कामकाजाचा भाग नसतो. तो झाला, असे मानतच नाहीत.

“मंग कागदात काय राहीन?”

“विरोध झाला नाही, असं.”

बशीतल्या चहाला साय आली. मग मावशींनी तो तसाच ठेवून दिला आणि म्हणाल्या, “चाला. बकऱ्या बांधून हायेत.”

परतीचा रस्ता तोच, टिप्पर तेच. गावात शिरताना बोडीजवळ धुणे धुणाऱ्या एका बाईने काय झालं वं चंद्रकला, असे विचारले. मावशींनी गाडीच्या खिडकीतूनच सांगितले, “त्याईनं इचारलं. म्या नाही म्हनलं. झालं.” इतके संक्षिप्त आणि इतके निर्दोष इतिवृत्त मी आजवर वाचलेले नाही. मावशी उतरल्या आणि मागे न पाहता गोठ्याकडे गेल्या.

घरी अर्चनाने विचारले, कशी झाली सहल? मी अंघोळीचे निमित्त काढून न्हाणीघरात गेलो. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या माणसाला शब्द न सापडणे घरातल्या माणसांसमोर शोभत नाही. पुढे कितीतरी दिवस, जेवताना, दूध घेताना, सोसायटीच्या सभेत, ती खालची शांतता मला ऐकू येत राहिली. जेवढा काळ मावशी इकडेतिकडे पाहत होत्या, तेवढीच ती होती. तेवढ्यात कोणालाही बोलता आले असते.

नंतर एका सकाळी मावशींचा फोन आला. दोन माणसे जीप घेऊन आली होती. टेकडीवर त्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या, सरपंचांच्या घरी चहा घेतला आणि गेली.

“माहिती देल्ली त्याईनं,” मावशी म्हणाल्या. “लय चांगली देल्ली बापा. खदान कुठून कुठवर, सगळं सांगतलं.”

मी न्यायालय, हरकती, निवेदन असे काही बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि अर्चनाची तब्येत विचारली.

या ब्लॉगचे वाचक विचारतात की अमुक ठिकाणी कोणत्या मोसमात जावे. या टेकडीस मोसमाचे बंधन नाही. पावसाळ्यात हिरवी असते, फाल्गुनात पळसाने पेटते, हिवाळ्यात गवत सोनेरी होते. मात्र बेत पुढच्या वर्षावर टाकू नये. प्रवेशशुल्क नाही, पहारा नाही, संमती कोणाचीच लागत नाही. पायथ्याशी गाडी लावावी आणि चंद्रकलामावशींना हाक मारावी. त्या वरतीच असतात. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, ते त्या दिवशी बकऱ्या कुठे चरत आहेत त्यावर.