आमचा होकार कुठे गेला

घोडदौड रोडवरच्या सल्लागाराने माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. परदेशी शिक्षणाचं ऑफिस होतं त्याचं, काचेचा दरवाजा, आत थंड हवा. अमेरिकेतल्या विद्यापीठाला पाठवतो म्हणून त्याने तिचा होकार घेतला आणि पाठवला नाही.

खानदेशातून आलेलो आम्ही तेव्हा सुरतेत लिंबायतला राहत होतो. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते, ते गेल्यावर मी साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम घरी आणायला लागले. नव्वदीच्या मध्यापर्यंत गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे काम करत होत्या. मार्केटमधले व्यापारी मला पाहून चहा मागवायचे; आदराने नव्हे, मी लवकर उठणार नाही हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. बहिणीला मात्र मी सुईला हात लावू दिला नाही. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली.

त्या सल्लागारामार्फत केलेल्या अर्जांना अमेरिकेतून दोन पत्रं आली. एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, मोठ्या शहरातल्या कॉलेजचं. त्यात स्कॉलरशिप म्हणून भलामोठा आकडा होता. दुसरं साधं, दोन पानी, कुठल्याशा लहान गावातल्या विद्यापीठाचं. त्यात स्कॉलरशिप हा शब्दच नव्हता. फी माफ, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवायचं, त्याचा दरमहा पगार.

सल्लागाराने जाड पत्रावर बोट आपटलं. "ये देखो बेन, कितना बडा स्कॉलरशिप! दुसरेवाले में तो मजदूरी है."

"हे वजा करून आम्ही किती भरायचं?" मी विचारलं.

"बेन, पढाई में भावताल नहीं चलता."

भावताल चालत नाही म्हणणाऱ्याशीच तो करावा लागतो, एवढं मार्केटने मला शिकवलं होतं. घरी येऊन बहिणीला समोर बसवलं. फी किती, खोलीभाडं किती, जेवण किती, सगळं तिच्याकडून वदवून घेतलं. स्कॉलरशिप वजा केल्यावरही दरवर्षी जे उरत होतं ते लूमचं अख्खं शेड विकून भागलं नसतं. साडीचा भाव आधी चढवायचा आणि मग सूट द्यायची, तसा प्रकार. साध्या पत्रात आमच्या खिशातून जवळजवळ काहीच जात नव्हतं.

तरी मी सोडलं नाही. "पगार नऊच महिन्यांचा लिहिलाय. उन्हाळ्यात खाशील काय? दुसऱ्या वर्षी काम काढून घेतलं तर? आजारी पडलीस तर औषधपाणी कुणाचं?"

"आक्का, ते काय टिकल्या लावायचं काम आहे का?"

"सगळं टिकल्या लावायचंच काम असतं. सांग."

उन्हाळ्यात प्राध्यापकाकडे काम मिळतं, दुसरं वर्ष निकालावर असतं, विमा विद्यापीठ देतं. तिने एकेक समजावलं. मी म्हटलं, हेच घे.

पगार शिकवण्याचा होता, तेव्हा इंग्रजीत बोलायचा सराव हवा. दुपारी बायका टिकल्या लावत बसल्या की ती भिंतीला खडूने नळ्या-बाटल्या काढून शिकवायची. "गुड मॉर्निंग, स्टुडंट्स!" बायका साडीतून मान वर न काढता ओरडायच्या, "गुड मॉर्निंग, टीचर!" एक म्हातारी रोज म्हणायची, "पोरी, कालदिन सांगेल ते इसरी गऊ, परत सांग." ती परत सांगायची, अगदी इंग्रजीतच.

होकाराच्या कागदावर तिने सही केली. एप्रिलच्या मध्यापर्यंत तो तिकडे पोचायला हवा होता. सगळे अर्ज सल्लागारानेच भरलेले, सगळी कागदपत्रं त्याच्याकडूनच जायची. त्याने कागद घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला, म्हणाला, "समझो पहुँच गया."

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "आक्का, पोच मागायची का?"

मी तिच्यावर उखडले. सुरतेत लाखांचा माल तोंडी शब्दावर उचलला जातो. गठ्ठा ठेवून घेतला म्हणजे सौदा झाला, त्यावर कुणी पोच मागत नाही. मागितली तर तो अपमान होतो. मी आयुष्यभर असाच धंदा केला आणि शब्दावर कधी बुडाले नाही. तोही सुरतेचाच होता. त्याला हे माझ्याइतकंच माहीत होतं.

मे महिना आला तरी तिकडून काही येईना. एका पहाटे आम्ही एस.टी.डी. बूथवर गेलो. बहीण बोलत होती आणि मी मीटरचे लाल आकडे पळताना पाहत होते. ती थोडंच बोलली. शेवटी "थँक यू" म्हणाली, दोनदा, आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

"काय व्हयनं वं?" मी विचारलं.

"उत्तर पोचलंच नाही म्हणतात. ती जागा दुसऱ्याला दिली. प्रवेश आहे, पगार नाही."

पगाराच्या कागदाशिवाय व्हिसाला आम्ही काय दाखवणार होतो?

मी तशीच घोडदौड रोडला गेले. काचेचा दरवाजा तुटला नाही हे त्याचं नशीब. मी ओरडत होते आणि तो शांतपणे म्हणाला, "बेन, टेन्शन मत लो. बडावाला कॉलेज अभी खुला है. वहाँ अपना टाय-अप है."

टाय-अप. आमच्या बाजारात त्याला दलाली म्हणतात. आमचा कागद ड्रॉवरमध्ये का राहिला ते मला तिथेच कळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू म्हटलं, तर ती म्हणाली, "आक्का, बस." पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत रंग तपासायला ती लागली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा नखांत कधी निळा, कधी किरमिजी रंग असायचा. एकदा सवयीने म्हातारी तिला पाहून म्हणाली, "गुड मॉर्निंग, टीचर." बहीण हसली आणि आत गेली. त्यानंतर आमच्याकडे ते कुणी म्हटलं नाही. भिंतीवरच्या नळ्या-बाटल्या मी पुसल्या नाहीत, दिवाळीच्या चुन्याखाली गेल्या.

तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर भांडता आलं असतं.

त्या माणसाचं ऑफिस आता आणखी मोठं आहे असं ऐकते. भरपाई मला नको. पण त्याला एवढंच म्हणते, सुरतेत शब्द देऊन माझ्या हातून तो कागद घेतलास, तर शब्दानेच सांग: तो ड्रॉवरमधून कधी बाहेर काढलास का? आणि मला नको सांगूस. ती अजूनही पांडेसऱ्याच्या मिलमधून सहा वाजता सुटते. गेटवर उभा राहा आणि तिला सांग.