अकरावी मूठ

हट्टीपणाची परीक्षा जर विद्यापीठानं घेतली असती, तर आमचे घरमालक आबा पहिल्या वर्गात आले असते, आणि मग पेपर तपासणाऱ्यालाच चार गोष्टी सुनावून आले असते. इतका हट्टी माणूस मी ना कराचीत पाहिला, ना धुळ्यात. ही दोन गावं एका दमात घेतो आहे, कारण माझा जन्म कराचीचा. वडील तिथल्या बंदरात कामाला. घरात मराठी, गल्लीत सिंधी. फाळणी झाली तेव्हा आमच्या आळीतली निम्मी मराठी घरं बोटीनं मुंबईला निघून गेली. वडील मात्र नोकरीची थोडीच वर्षं उरलीत म्हणून तिथंच थांबले आणि मला तेवढं शिकायला इकडे पाठवलं. त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेला एक माणूस पहूरचा होता. त्यानं धुळ्याला आपल्या ओळखीचे एक आबा आहेत म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी, एक ट्रंक आणि हंगामी परवाना एवढ्या भांडवलावर मी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्यात उतरलो.

आबांची शेती दोंडाईच्याजवळच्या खेड्यात, कापूस आणि मिरचीची. ती मुलगा बघत असे. धुळ्यातलं तीन खोल्यांचं घर त्यांनी नातवंडांनी शहरात शिकावं म्हणून घेतलं होतं. नातवंडं शिकायला आली, आठ दिवस शिकली आणि एका बाजाराच्या दिवशी गावच्या गाडीत बसून परत गेली. मग आबा आणि त्यांच्या पत्नी अक्का असे दोघंच त्या घरात शिक्षणाची राखण करत बसले होते. मी गेलो तेव्हा चिठ्ठी हातात घेऊन आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अक्कांना अहिराणीत हाक मारली, "उना बरं का एक शिकनारा." भाड्याचा विषय मी काढला की ते मिरच्यांचा काढत, त्यामुळे मी त्यांना घरमालक म्हणतो ते नुसतं सवयीनं.

आबांचा तराजूवर विश्वास नव्हता. "तराजू दुकानदारना, मूठ आपली," असं ते म्हणत आणि चहाच्या पत्तीपासून हरभऱ्यापर्यंत सगळं मुठीनं घेत. पेठेतला वाणी सुरुवातीला भांडला, मग शरण आला. आबांची मूठ म्हणजे साधी मूठ नव्हे. नांगर धरून धरून ती अशी रुंदावली होती की वाणी पोत्याचं तोंड आवळून धरी. एकदा वैद्यानं पोट साफ व्हावं म्हणून चूर्ण दिलं आणि चिमूटभर घ्यायला सांगितलं. चिमूट हे माप आबांच्या हिशेबी बायकी होतं. त्यांनी मूठभर घेतलं आणि पुढचे दोन दिवस ते घरात कमी आणि परसात जास्त होते. तिसऱ्या दिवशी वैद्याच्या दारात जाऊन "औषध चांगलं शे, पन जरा जास्त शे," असं सांगून आले. चूक वैद्याची, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

दुसरी सवय नात्यांची. ओळख करून देताना कुणाला नुसता माणूस म्हणणं त्यांना जमतच नसे. मी कराचीचा असलो म्हणून काय झालं, माझ्यासाठीही ते नातं शोधत. भाजीवालीला मी अक्कांच्या बहिणीचा नातू होतो, शेजाऱ्यांना आतेभावाचा पुतण्या, आणि शिंप्याला तर मी एकदा त्यांचा व्याही असल्याचं कळलं होतं. वर्षातून एकदा पोलीस कचेरीतला जमादार माझी चौकशी करायला येई. त्यालाही आबा चहा पाजून त्या वर्षी जे आठवेल ते नातं लिहून देत. मला तेव्हा गंमत वाटे. या गमतीचं पुढं काय होणार आहे ते कळलं असतं, तर मी जमादाराच्या चहात मीठ टाकून त्याला दारातूनच परत धाडलं असतं.

पहिल्या श्रावणात मला रोट काय असतात ते कळलं. खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते आणि सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट करायचे आणि ते त्या घराण्यातल्यांनीच खायचे. परक्याला घासही द्यायचा नाही. आबा मला हौसेनं गावी घेऊन गेले आणि ही अडचण तिथं गेल्यावर त्यांच्या लक्षात आली. त्या दिवशी घरात रोटांखेरीज दुसरं काही शिजणार नव्हतं. भाऊबंद म्हणाले, याचं कुळ कोणतं, याला कसा वाढायचा? आबांनी परातीतल्या दहा मुठींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोत्यात हात घालून अकरावी मूठ परातीत टाकली. "कुळ काय पुसतस? पोऱ्या भुक्या शे," एवढंच म्हणाले. वर पाव मूठ टाकायलाही विसरले नाहीत. देवीच्या परातीत पडलेला गहू बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. तेव्हापासून दर श्रावणात माझी मूठ पडत गेली आणि मी भोपळ्याच्या भाजीशी रोट खाऊन तृप्त होत गेलो.

मग नियम बदलले. आधी पासपोर्ट आले, मग परवान्यांची मुदत आली आणि माझ्या शेवटच्या वर्षात कचेरीच्या फळ्यावर नवी नोटीस लागली. माझ्यासारख्या जुन्या परवान्यावर आलेल्या विद्यार्थ्यांनी कायम राहण्यासाठी नव्यानं अर्ज करायचा, सोबत ज्याच्या घरी राहतो त्याचा जबाब जोडायचा, आणि हे सारं श्रावणातल्या एका शुक्रवारच्या आत. नाही केलं तर मुदत संपताच परत जायचं. परत गेलो की पुन्हा येणं हातात राहणार नव्हतं. आई तिकडं होती, तिची आठवण येई, खोटं कशाला बोलू. पण माझी परीक्षा इकडं होती, माझी माणसं इकडं होती आणि मला जायचं नव्हतं. मी अर्ज भरला. आबांच्या सहीचा कागद तेवढा राहिला.

सोमवारी आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. आबांनी खांद्यावर घोंगडी घेतली होती. सरकारी बाकावर ते कधी बसत नसत. "सरकारना बाकवर बसना का मानूस अर्जदार व्हयना," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी व्हरांड्यात घोंगडी अंथरली, तीवर बैठक मारली आणि कचेरीला भेटीची परवानगी दिल्यासारखे बसून राहिले. आमचं काम ज्यांच्याकडे होतं ते अव्वल कारकून साताऱ्याकडचे, सरळ माणूस. त्यांनी माझी फाईल उघडली आणि त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"पहिल्या वर्षी मेहुणीचा नातू," ते वाचू लागले. "दुसऱ्या वर्षी आतेभावाचा पुतण्या. तिसऱ्या वर्षी साडूचा भाचा. आबा, यातलं खरं काय?"

"बठ्ठं खरं शे," आबा म्हणाले. "ज्या सालले जे आठवनं ते सांगं."

मी घाईघाईनं खरी हकिगत सांगितली, कराचीची, चिठ्ठीची, ट्रंकेची. कारकुनांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मागचं राहू द्या. हा छापील जबाब आहे. एवढ्यावर सही झाली की झालं." त्यांनी वाचून दाखवलं: खाली सही करणार लिहून देतो की, अमुक नावाचा परकीय इसम माझ्या घरी इतक्या वर्षांपासून राहत असून...

"थांबा," आबा म्हणाले. "परकीय कोन?"

"हा. कायद्यानं."

"हाऊ मना घरमा रोट खास."

कारकुनांना रोट म्हणजे भाकरीचा काही प्रकार वाटला. ते म्हणाले, खाऊ द्या, खाण्याला सरकारची हरकत नाही. तेव्हा दारातला पट्टेवाला पुढं आला. तो शिंदखेड्याकडचा. त्यानं साहेबांना समजावून सांगितलं की रोट परक्याला देत नाहीत, दिला तर देवीचा कोप होतो, आणि आबांनी या कागदावर सही केली तर इतकी वर्षं त्यांनी देवीला फसवलं असं होईल. कारकुनांनी छापील कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "आबा, छापील मजकूर आहे. मला त्यातलं अक्षर बदलता येत नाही."

"छापनारानी रोट खायेल नहीत, त्याले मी काय करू?" आबा म्हणाले आणि घोंगडी झटकून उठले.

मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. आबांनी सुचवलं, परकीय हा शब्द खोडून वर 'घरना' लिहा. खाडाखोड चालत नव्हती. बुधवारी त्यांनी सुचवलं, ते वेगळा कागद स्वतःच्या हातानं लिहून देतील. कारकुनांनी तो आनंदानं घेतला, पण छापील कागदाऐवजी तो चालत नव्हता. गुरुवारी आबा मला न विचारता एकटेच गेले आणि दिवसभर व्हरांड्यात बसून आले. पट्टेवाल्यानं पाणी दिलं, कारकुनांनी आपल्या डब्यातली चटणी-भाकरी दिली, पण शब्द जागचा हलला नाही. घरी मी हात जोडले. नुसता शब्द आहे, आबा, म्हणून विनवलं. पालथ्या घड्यावर पाणी. ते म्हणाले, "सरकारले खोटं सांगं ते सरकार देखी लेई. कानबाईले काय सांगू?" मी ट्रंक काढून बी.ए.ची पुस्तकं भरायला लागलो. अक्का दाराशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. आबा आले आणि ट्रंकेकडे पाहून तसेच परत गेले.

शुक्रवारी सकाळी ते घोंगडी न घेता निघाले. मी मागोमाग गेलो. कचेरीत जाऊन ते सरळ सरकारी बाकावर बसले. कारकुनांनी कागद पुढं केला. "बठ्ठा वाची दाखाड," आबा मला म्हणाले. मी वाचला. परकीय या शब्दाशी मी थांबलो, पण त्यांनी हातानं पुढं वाच म्हणून खुणावलं. मग टाक घेऊन त्यांनी मोडीत सही केली, सावकाश, एकही अक्षर न सोडता. कारकून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आबांनी तो घेतला नाही. रस्त्यात मी काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाले, "अभ्यास कर आते."

शनिवारी मोटारीनं आम्ही गावी गेलो. संध्याकाळी गहू मोजायला भाऊबंद जमले. माझ्या मनात एकच होतं, यंदा आपली मूठ पडायची नाही. आणि ते योग्यच ठरलं असतं. कागदावर सही झालीच होती. मी भिंतीकडेला सरकून बसलो. आबा एकेक नाव घेऊन मूठ टाकत होते. मुलगा, नातू, भाऊ, पुतणे. नऊ झाल्या. मग माझं नाव घेतलं आणि भरलेली मूठ परातीत टाकली, वर पाव मूठ. आणि परात अक्कांकडे सरकवली.

"एक राहिली," त्यांचा मुलगा म्हणाला. "तुमनी."

"मनी नको," आबा म्हणाले. "खोटं मी बोलनू. त्यानी काय चूक शे?"

दुसऱ्या दिवशी सगळं घराणं रोट खायला बसलं आणि आबा ओसरीवर आदल्या दिवशीची भाकरी ताकात कुस्करून खात बसले. जेवताना वाण्याच्या तराजूला शिव्या देत होते, नेहमीसारख्या. मी रोट खाल्ला. आबांनी मधूनमधून आत डोकावून मी खातो आहे ना ते पाहिलं.

परवाना हिवाळ्यात आला. आबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "आते परकीय नही ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत जाऊन पट्टेवाल्याला आणि कारकुनांना मूठ मूठ शेंगदाणे देऊन आले. पुढच्या श्रावणात त्यांनी पहिली मूठ स्वतःच्या नावाची टाकली. जरा मोठीच टाकली, मागच्या वर्षीची भर धरून. मी पास झालो, धुळ्यातल्याच शाळेत मास्तर झालो, आणि आबा मला आपला जावईबापू, भाचा, पुतण्या असं काहीही म्हणत फिरत राहिले.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. या श्रावणात गहू मोजायला त्यांचा मुलगा बसला. त्याचाही हात रुंद आहे, पण आबांइतका नाही. सवयीनं त्यानं पहिली मूठ भरली, तोंडातून आबांचं नाव येता येता थांबलं आणि मूठ त्यानं पोत्यात सोडली. मग बाकीची नावं घेतली. शेवटी माझं. दहा झाल्या. भाऊबंद म्हणाले, तू आल्यापासून यंदा पहिल्यांदा दहा, आबा नाहीत म्हणून. याआधीही एकदा दहाच झाल्या होत्या, तेव्हा आबा ओसरीवर बसले होते.