येथे थांबू नये

घाटातल्या वळणावर एक नवीकोरी पाटी उभी आहे: ‘दरड कोसळण्याचा धोका. येथे थांबू नये.’ त्या पाटीच्या खांबाला पिशवी अडकवून एक वयस्क बाई खाली बसल्या होत्या. पुढचा रस्ता गेल्या पावसाळ्यात दरडीखाली गेला, तेव्हापासून एसटी इथूनच माघारी वळते. वरच्या वाड्यांतली माणसं दगडधोंडे तुडवत इथवर उतरतात आणि गाडीची वाट बघतात.

मीही त्याच गाडीसाठी आलो होतो, तरी शहाणपणा केला. म्हणालो, “मावशी, इथं बसू नका. पाटी वाचलीत ना?”

“वाचली की,” त्या म्हणाल्या. “पण येस्टी दुसरीकडं थांबती कुठं?”

पाटीचे खांब चांगले काँक्रीटमध्ये रोवलेत. म्हणजे सिमेंट चढलं, वाळू चढली, अक्षरं रंगवणारा चढला. दरड उचलणारं यंत्र तेवढं या घाटात चढत नाही! मावशींनीच मग सांगितलं, त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला डोलीत घालून याच ढिगाऱ्यावरून आणलं आणि गाडी येईपर्यंत याच पाटीखाली ठेवलं. ही पाटी माणसांसाठी नाहीच. उद्या डोंगर खाली आला, की ‘आम्ही सूचना दिली होती’ असं म्हणता यावं, एवढ्यासाठीच ती उभी आहे.

मी पाटीकडे रागानं बघत राहिलो. मावशी जरा सरकल्या.

“उभं किती ऱ्हाताय? बसा. गाडीला वेळ हाय.”

त्यांच्या शेजारी मी बसलो. दुसरी जागाच नव्हती.