साडूच्या गाडीतला माझा कॅमेरा

माझ्या साडूनं चाकांवरचं घर घेतलं आणि ते माझ्या अंगणात आणून उभं केलं.

साडू म्हणजे सुधीर, माझ्या मेव्हणीचा, मंजूचा नवरा. राहतो जुन्या हुबळीत. त्याच्या गल्लीत दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. अशा माणसानं एक मोठी प्रवासी व्हॅन घेतली आणि आतून पार बदलून टाकली. पलंग, गॅसची शेगडी, सिंक, छोटा फ्रिज, आणि पडद्यामागं चक्क संडास! (आमच्या सासऱ्यांना सगळ्यांत जास्त आवडला तो हाच विभाग.) आता ही उभी कुठं करायची? आमच्या धारवाडच्या घराला ऐसपैस अंगण. सुधीरनं मला "अण्णा, तुमच्याकडं लावू का?" असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुंड्या हलवायला घेतल्या. माझी स्कूटर सावलीतून उठून फाटकाजवळ उन्हात गेली.

मी जळलो. उगाच आडपडदा कशाला? सकाळी खिडकी उघडली की समोर ती पांढरीशुभ्र गाडी. चहा प्यायला बाहेर आलो की गाडी. पूर्वी अंगणात कोवळं ऊन यायचं, आता तेही तिच्याच टपावर पडायचं.

पण खरं दुखणं वेगळं होतं. आमचे सासरे, अप्पा, आमच्याकडंच राहतात. रोज संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून तलावापर्यंत फिरवून आणायचो. फुटाणे खायचे, बदकं बघायची, परत यायचं. एवढाच आमचा पर्यटन विभाग, पण तो माझ्या ताब्यात होता. गाडी आली आणि अप्पा संध्याकाळी गाडीतच जाऊन बसू लागले. मी स्कूटर पुसून तयार, तर गाडीच्या खिडकीतून ते म्हणाले, "आज नको. स्कूटरवर कंबर धरते." इतकी वर्षं त्या कंबरेनं अवाक्षर काढलं नव्हतं! त्यात ठरलं असं, की दसऱ्यातली आयुधपूजा झाली की सगळ्यांनी गोकर्णला जायचं. सुधीर गाडी चालवणार आणि अप्पा पुढं त्याच्या शेजारी बसणार. मला जागा मिळाली मागं, फ्रिज आणि मंजूच्या लाडवांच्या डब्याच्या मधे.

आणि अशात सुधीर कॅमेरा घेऊन आला. गाडीच्या पुढच्या काचेला लावायचा. एका भिंगातून रस्ता टिपणार, दुसऱ्यातून आतली माणसं. अपघात झाला तर पुरावा राहतो म्हणे. तो बसवायला सुधीर इलेक्ट्रिशियन बोलावणार होता, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "इलेक्ट्रिशियन कशाला? आपल्या घरात विज्ञानाचा मास्तर आहे की."

अप्पांच्या तोंडून माझं नाव बऱ्याच दिवसांनी निघालं होतं. (नाव नाही, हुद्दा निघाला होता. पण मी तेवढ्यावर भागवलं.) मी लगेच स्क्रू-ड्रायव्हर आणि टेस्टर घेऊन गाडीत चढलो.

काम तसं सोपं. कॅमेऱ्याच्या तीन वायरी. काळी गाडीच्या पत्र्याला. लाल अशा फ्यूजला, जिथं वीज कायम असते. पिवळी मात्र अशा फ्यूजला, जिथं किल्ली फिरवली तरच वीज येते. त्यावरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी थांबली, आता आपणही झोपावं. सुधीर म्हणाला, "अण्णा, मागच्या बॅटरीवरून घ्या, ती फ्रिज-पंख्यासाठी वेगळी आहे. पुढची गाडी चालू करायला लागते." मी त्याला सांगितलं, की मी मुलांना विद्युतमंडल शिकवता शिकवता म्हातारा झालोय. फ्यूजचा डबा पुढं असताना मागं वायरी ओढत नेणं हे मला पटलंच नाही. खरं सांगायचं तर ते सुधीरनं सुचवलं, म्हणूनच पटलं नाही.

मी टेस्टर लावला. पहिल्या फ्यूजवर दिवा लागला. दुसऱ्यावर लागला. सगळ्याच फ्यूजवर लागला! मला वाटलं, भरपूर विजेची गाडी दिसते. लाल आणि पिवळी शेजारीशेजारी खोचून मोकळा झालो. शेजारच्या सीटवर अप्पा डोळे मिटून रेडिओवर कानडी नाट्यगीतं ऐकत होते. रेडिओ चालू म्हणजे किल्ली फिरवलेली, आणि किल्ली फिरवलेली म्हणजे सगळ्याच फ्यूजना वीज असणार, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो. त्या दिवशी वर्गात मी नव्हतो.

कॅमेरा सुरू झाला. अप्पा म्हणाले, "छान." सुधीर किल्ली आमच्या खिळ्याला अडकवून हुबळीला गेला, आणि पूजेपर्यंत गाडी जागची हलली नाही.

मी मात्र हललो. दुपारी शाळेतून यायचो, अप्पा झोपलेले असायचे, सुनंदा शेजारी गेलेली असायची. गाडीला जरा हवा लागावी म्हणून मी दार उघडायचो. दार उघडलंच आहे तर चढायचो. चढलोच आहे तर चालकाच्या जागी बसायचो. एकदा असाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असताना पलीकडचे हिरेमठ कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "भाळ चलो अद री सर गाडी! फार छान! कधी घेतली?"

आता वरून खाली उतरायचं, साडू, मेव्हणी, म्हशी, गल्ली, एवढं सगळं सांगायचं... मी म्हणालो, "झाले थोडे दिवस."

हे काही खोटं नव्हे! गाडी घेऊन थोडे दिवस झालेच होते. पण दुसऱ्या दिवशी हिरेमठ बायकोला घेऊन आले. मग तिच्या बहिणीला. मी फ्रिज उघडून दाखवला, शेगडी पेटवून दाखवली, संडासाचा पडदा सरकवून दाखवला. पाहुणीनं विचारलं, "हुबळीचे ते गृहस्थ कधी कधी चालवतात ना?" मी उदारपणे म्हणालो, की चालवतात, आपण नाही कशाला म्हणा.

आयुधपूजा उजाडली. सुधीर-मंजू आले. गाडीला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, काचेवर गंधाचे पट्टे. सुनंदानं माझ्या स्कूटरलाही एक माळ घातली, उरलेल्या फुलांची. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढं घ्यायची, लिंबं चिरडायची, म्हणजे लागलेली दृष्ट उतरते. दृष्ट कोणाची लागली होती ते मला पक्कं माहीत होतं, त्यामुळं मी जरा लांबच उभा राहिलो. सुधीरनं नमस्कार करून किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. तेवढाही आवाज नाही. बॅटरी ठार! सुधीर माझ्याकडं बघायला लागला आणि मी लिंबांकडं. अप्पा म्हणाले, "मुहूर्त टळायला नको. ढकला." हिरेमठ धोतर सावरून धावतच आले आणि सुधीरचा हात धरून त्याला खाली उतरवू लागले. "तुम्ही उतरा हो. लिंबं मालकानं फोडायची असतात. सर, तुम्ही बसा!"

सुनंदानं माझ्याकडं जे बघितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुधीर सावकाश खाली उतरला. "बसा अण्णा," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

बसलो. ज्या जागेसाठी इतका जीव जळत होता तिथं, भर पूजेत, सर्वांच्या साक्षीनं. मागून सगळे ढकलू लागले. "नूकरी, नूकरी! ढकला!" हिरेमठांची आरोळी. गाडी हलेना. ते लालबुंद झाले, सुधीर घामाघूम झाला, मंजूच्या बांगड्या फुटल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की हँडब्रेक ओढलेलाच आहे. मी तो सोडला.

लिंबं फुटली. चारीही, एका दमात. आमच्या अंगणाला फाटकाकडं उतार आहे, आणि इंजिन बंद असलं की असल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो, या दोन गोष्टी मला एकदमच कळल्या. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी डुलत डुलत फाटकापाशी गेली, माळ घातलेल्या माझ्या स्कूटरला तिनं भिंतीशी नेऊन टेकवलं आणि मग ती थांबली. गाडीला ओरखडाही आला नाही. स्कूटर मात्र चपातीसारखी झाली.

सुधीर धावत आला. "अण्णा, लागलं नाही ना?" मग त्याला एकदम आठवलं. "कॅमेऱ्यात आलं असेल सगळं!"

नव्हतं आलं. अपघाताच्या पुराव्यासाठी मी लावलेल्या कॅमेऱ्यानं, पिवळी वायरही कायम विजेच्या फ्यूजला बसल्यामुळं दिवसरात्र जागून, बॅटरी पिऊन, तो अपघात घडवून आणला होता आणि स्वतः त्याआधीच मान टाकली होती. बॅटरी संपली कशानं हे बघायला सुधीरनं त्यातलं कार्ड काढून आमच्या टीव्हीला जोडलं. मी मधे पडायचा प्रयत्न केला, पण अप्पांनी मला खाली बसवलं.

पडद्यावर मी. चालकाच्या जागी. तोंडानं इंजिनाचा आवाज काढतोय, मधेच हॉर्न देतोय (तोही तोंडानंच), आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं वळून सांगतोय, "अप्पा, घाट लागला. पट्टा बांधा. कंबर नाही ना दुखत? आता समुद्र दिसेलच हं." आणि तिथंच चित्र थांबलं.

कोणी हसलं नाही. मंजूनं पदर तोंडात कोंबला होता, तो धरायचा नाही. अप्पा त्या काळ्या पडद्यावरून माझ्याकडं वळले.

"मग? पोचलो का आपण गोकर्णला?"

मी म्हणालो, "नाही अप्पा. तेवढ्यात बॅटरी संपली."