हिरेमठ सरांचा एकच पेशंट

हिरेमठ सर कुठल्याही गावात शिरले की आधी गटारावर वाकायचे. "ही पेशंटची जीभ, तम्मा. बघ, केवढी मळली!" मग सार्वजनिक नळाच्या धारेला दोन बोटं लावून डोळे मिटायचे. "नाडी मंद आहे." प्रत्येक विद्यार्थी त्यांचा 'तम्मा', कानडीत धाकटा भाऊ. येणारेजाणारे थांबून बघत आणि आम्ही विद्यार्थी लाजेनं अर्धमेले होत असू.

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास बेळगावच्या मेडिकल कॉलेजात ते आम्हाला सामाजिक आरोग्य शिकवत. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला. गळ्यातला स्टेथोस्कोप मी जेवतानाही काढत नसे. पहिल्याच गावफेरीत सरांनी तो उतरवून स्वतःच्या पिशवीत टाकला. "चालत येईल त्याचा डॉक्टर कोणी पण होतो, तम्मा. येत नाही त्याचा हो. अख्खं गाव हा तुझा एकच पेशंट."

माझ्या वाट्याला निपाणीजवळचं एक गाव आलं. आदल्या थंडीत तिथं डांग्या खोकल्यानं दोन लेकरं गेली होती. पुढच्या थंडीआधी गावातल्या प्रत्येक लहान मुलाला लस टोचायची, हे काम सरांनी माझ्यावर सोपवलं. मी गावच्या गौडांना, म्हणजे पाटलांना, भीतभीत तारीख सांगितली. "त्या दिवशी आलो तर चालेल का?"

"या की! लई बेस हुईल."

बर्फाच्या पेटीत लस घेऊन आम्ही पोहोचलो, तर शाळेत चिटपाखरू नाही. सगळा गाव ओढ्यावर बैल धूत होता. कर्नाटकी बेंदूर, बैलांचा सण! आमच्या गावात महाराष्ट्रीय बेंदूर, तो महिनाभरानं. दोन गावांमध्ये एक माळ तेवढा आडवा, पण सण वेगळे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"गौडा, तुम्ही या म्हणालात!"

"मग? सणाला येतो म्हणणाऱ्याला नको म्हणू व्हय? पोळ्या झाल्यात, बसा."

बर्फ वितळत होता आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. सर मात्र टाळ्या पिटत होते. "नशीबवान आहेस, तम्मा! आता कर तोडायला सगळा गाव वेशीत येणार. टेबल तिकडं हलव!" बैल पळवून वेशीवरचं तोरण तोडतात, ते कर तोडणं. आम्ही पेटीला ओली पोती गुंडाळून वेशीकडे पळालो.

गाव जमला, पण पोर कुणी पुढं करेना. "धडधाकट पोराला सुई कशाला? ताप आणशीला उगं!" एक आजी कडाडली.

सर गौडांच्या बैलाकडे वळले. "याला आज काय पाजलं?"

"अंडी, हळद, त्याल."

"आजारी आहे?"

"आजारी? शिंगावर घील तुमास्नी!"

"मग औषध कशाला?"

"वरीसभर धड ऱ्हावा म्हणून की."

"मग पोरांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

सगळी वेस खदखदून हसली. आजीनं नातवाला बखोटीला धरून पुढं ओढलं. "टोच रं! बैलापरास कमी हाय व्हय माझा बाळू?"

मग जी रांग लागली! हलगी, रंगवलेली शिंगं, पोरांचं भोकाड. कुणीतरी बर्फाच्या पेटीलाही हळदकुंकू वाहिलं. एक म्हातारा बैल घेऊनच रांगेत उभा राहिला. सरांच्या पांढऱ्या कोटावर लाल शिंगाचा ठसा उमटला होता आणि ते तो सगळ्यांना दाखवत होते. लशीच्या एकूण तीन टोचण्या; पुढच्या दोन्हींना आया आपणहून पोरं घेऊन आल्या.

थंडीत आजूबाजूच्या गावांत डांग्या खोकला आला. सरांनी मला त्या गावी नेऊन देवळाच्या पायरीवर बसवलं. "ऐक."

दुपारभर आम्ही ऐकत बसलो. पोरं विटीदांडूवरून भांडत होती, कुठंतरी एक बाळ नुसतं हट्टानं रडत होतं. खोकला कुठंच नव्हता. एकाएकी सरांनी माझे दोन्ही हात धरले आणि देवळासमोर गरागरा फुगडी घातली. धोतर सावरत गौडा धावत आले. "काय झालं? डॉक्टर, काय झालं?"

"काही नाही झालं, गौडा!" सर फिरता फिरता ओरडले. "काहीच नाही झालं!"