नक्षीदार जास्वंद

समस्त सोसायटीकरांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सुमनवहिनींच्या जास्वंदीच्या पानांवर पिवळी वर्तुळं उमटली आहेत. वहिनी मात्र त्या नक्षीवर खूश होत्या.

"वहिनी, हा विषाणू आहे," मी म्हणालो.

मोठा मजेदार प्राणी! त्याला ना स्वतःची चूल, ना भांडी. तो पेशीच्या स्वयंपाकघरात शिरतो आणि फक्त आपली पाककृती पुढे करतो. पेशी बिचारी पानाचं काम टाकून त्याच्याच प्रती रांधत बसते, वर शेजारच्या पेशींनाही पोचवते. झाड खंगतं. स्वतः काडी न हलवता केवढा प्रपंच! सगळा दुसऱ्याच्या उत्साहावर.

"झाड उपटावं लागेल."

पानावरून फिरणारा वहिनींचा हात एकदम तोंडावर गेला.

"अगंबाई! भाऊजी, संक्रांतीचं वाण म्हणून हिच्याच फांद्यांची रोपं मी घरोघरी वाटली की हो!"